चित्र हालते कोठे ?



शिमग्याच्या होळीतून जळते कोलीत उचलून ते काळोखात गरागरा फिरवण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केला असेल. घरच्यांच्या धाकामुळे ज्यांना तो करता आला नाही, त्यांनी दिवाळीत फुलबाजी तरी फिरवली असेलच. हात वेगाने फिरू लागला की कोलिताचे टोक दिसेनासे होते आणि त्याच्या जागी विस्तवाचे एक अखंड कडे दिसू लागते. वस्तुतः असे कडे कोठेच नसते. कोणत्याही क्षणी पाहावे तर निखारा एकाच ठिकाणी असतो. हात थांबला की कडे नाहीसे होते. ते विझत नाही, मोडत नाही, कोठे जातही नाही. मग इतका वेळ ते होते कोठे ? हवेत, डोळ्यांत, की डोळ्यांच्याही मागे ?

हा प्रश्न पोरखेळातला वाटला तरी आपल्या पूर्वजांनी तो पोरखेळ मानला नाही. संस्कृतात कोलिताला अलात म्हणतात, आणि अलातचक्र हा आपल्या दर्शनकारांचा आवडता दृष्टांत आहे. न्यायसूत्रांत तो येतो. नैयायिकांच्या मते मन अणुमात्र असून ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. तरीही पाहणे, ऐकणे, चव घेणे ही सारी एकदमच होत असल्यासारखी वाटतात, याचे कारण मनाचा शीघ्र संचार. कोलीत शीघ्र फिरते म्हणून त्याच्या भ्रमणातला क्रम ध्यानात येत नाही, तसेच हे. उलट गौडपादाचार्यांच्या माण्डूक्यकारिकांमधील चौथ्या प्रकरणाचे नावच अलातशांति असे आहे, आणि भासणारे सर्व द्वैत या चक्रासारखे आहे असा सिद्धांत तेथे त्या दृष्टांतावर उभा केला आहे. कोलीत एकच, पण एकाने त्यावरून ज्ञान कसे होते हे सांगितले आणि दुसऱ्याने दिसणारे द्वैत खरे नाही हे सांगितले.

आज मला या कोलिताचा पुढचा इतिहास सांगावयाचा आहे. तो सांगताना आपणांस पॅरिस, ब्रुसेल्स आणि फ्रँकफुर्ट येथे जावे लागेल. पण त्याचा बराचसा भाग कल्याण, नाशिक, कोल्हापूर आणि या आपल्या पुणे शहरात घडलेला आहे. कारण हा इतिहास म्हणजे हालत्या चित्रांचा, अर्थात चित्रपटाचा, आणि ते चित्र पाहणाऱ्या डोळ्याचा व मेंदूचा एकत्रित इतिहास होय. चित्रपटाच्या कथा, गाणी आणि नटनट्या यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु पडद्यावरचे चित्र हालते म्हणजे नेमके काय होते, हा मुळातला प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

युरोपात या प्रश्नाचे मोजमाप प्रथम कोलितावरच झाले. १७६५ मध्ये डार्सी नावाच्या फ्रेंच विद्वानाने एका चक्राला जळता कोळसा बांधून तो काळोखात फिरवला आणि किती वेगाने फिरवला असता अखंड वर्तुळ दिसते हे पाहिले. एक फेरा सुमारे ०.१३ सेकंदात पूर्ण होऊ लागला की कडे सांधले जाते, असे त्याला आढळले. त्याचा अर्थ असा की, प्रकाश निघून गेल्यावरही त्याचा ठसा क्षणभर डोळ्यात रेंगाळतो. या गुणाला आपल्या शालेय पुस्तकांत दृष्टिसातत्य म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे याच शब्दाने शंभर वर्षे पुष्कळांची दिशाभूल केली.

१८३२ मध्ये ब्रुसेल्सच्या जोसेफ प्लाटो या शास्त्रज्ञाने एक तबकडी तयार केली. तिच्या कडेने एका नर्तकाची क्रमाक्रमाने बदलत जाणारी चित्रे काढलेली होती आणि मध्ये बारीक फटी होत्या. तबकडी आरशासमोर फिरवून फटींतून पाहिले की नर्तक गिरकी घेताना दिसे. त्याच वर्षाच्या सुमारास व्हिएन्नाच्या स्टाम्फर यानेही तसेच यंत्र स्वतंत्रपणे केले. येथे प्रथमच अचल चित्रांतून चलनाचा प्रत्यय निघाला. या प्लाटोची कथा मोठी करुण आहे. डोळ्यावर प्रकाशाचा परिणाम कसा होतो हे पाहण्यासाठी १८२९ मध्ये त्याने सुमारे २५ सेकंद भर सूर्याकडे टक लावून पाहिले होते. पुढे त्याची दृष्टी मंदावत गेली आणि १८४३ च्या सुमारास तो पूर्ण आंधळा झाला. आजचे वैद्य म्हणतात की त्याच्या अंधत्वाचे कारण बहुधा डोळ्यांचा वेगळाच रोग असावा. ते काहीही असो. जगाला हालते चित्र दाखवणारा हा माणूस आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे काळोखात होता, आणि तरीही घरच्यांच्या व सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी तो आपले प्रयोग चालवीत राहिला.

आता आपल्याकडे वळू. १८९२ च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ करीत. शंबरासुराच्या मायेवरून शांबरिक, आणि खरोलिका म्हणजे दिवा. थोडक्यात जादूचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर पाडावयाची, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या पट्ट्या झरझर बदलावयाच्या, आणि सोबत निवेदन व संवाद चालू ठेवावयाचे, असा तो खेळ असे. रामायण-महाभारतातील पात्रे त्यात हातपाय हालवीत. प्रत्येक पट्टी अचल असते हे पटवर्धनांच्या प्रेक्षकांना माहीत नव्हते असे नाही. तरीही पात्र हालताना त्यांना दिसेच.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. ते नवल पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे मुंबईत स्वागत झाले, तेही सावेदादांनी टिपले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून पुणेकरांनी ज्यांना वर्षानुवर्षे पाहिले, ते रँग्लर परांजपे अशा रीतीने आपल्याकडील पहिल्यावहिल्या हालत्या चित्रांतले एक पात्र ठरले.

यानंतर येतात धुंडिराज गोविंद फाळके. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करण्याचे काम आणि जादूचे प्रयोग, इतक्या विद्या आत्मसात केल्या होत्या. आणि विचार केला तर या साऱ्या पाहणाऱ्याच्या डोळ्याला काय वाटेल याचा अंदाज बांधण्याच्याच विद्या आहेत. १९१०–११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी त्या वेळची आपली अवस्था सांगितली आहे. डोळ्यांपुढे ख्रिस्ताची चित्रे सरकत होती, पण मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. डोळा एक पाहतो आणि मन दुसरेच पाहते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा ?

त्यानंतरच्या महिन्यांत फाळक्यांनी मिळतील तितके चित्रपट पाहिले, घरी प्रयोग केले, आणि दिवसाकाठी तीन तासांहून अधिक झोप घेतली नाही. परिणामी डोळ्यांना विकार जडला आणि दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साह्याने ती वाचली. प्लाटोच्या नशिबी जे नव्हते ते फाळक्यांच्या नशिबी होते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परत आले.

त्या भोकांचे महत्त्व सांगितले पाहिजे. तेव्हा कोरी फिल्म भोके न पाडताच येई. तिच्या दोन्ही कडांना, प्रत्येक चित्रामागे चार-चार भोके काळोखात पाडावी लागत, आणि या कामी सरस्वतीबाई फाळके रात्ररात्र बसत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. फुटाला १६ चित्रे धरली तर ५९,२०० चित्रे होतात, आणि भोके पावणेपाच लाखांच्या घरात जातात. एखादे भोक किंचित जरी सरकले तरी पडद्यावर ते चित्र थरथरते. एरवी पुष्कळ गोष्टींकडे कानाडोळा करणारी आपली दृष्टी चलनाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये प्रेक्षकांनी राजा हरिश्चंद्राला चालताना पाहिले, त्यामागे दादरच्या एका घरातील अंधाऱ्या खोलीत मोजूनमापून पाडलेली ही भोके होती.

तत्पूर्वी फाळक्यांनी केलेला एक लहानसा प्रयोग मला हरिश्चंद्राइतकाच मोलाचा वाटतो. भांडवल उभे करण्यासाठी लोकांची खात्री पटवणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज त्याचे एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखवली तेव्हा अंकुर फुटतो, वर येतो, वेल होते, हे सर्व प्रेक्षकांसमोर क्षणार्धात घडले. 'अंकुराची वाढ' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. झाड वाढते हे आपणांस ठाऊक असते, पण वाढताना ते दिसत नाही. घड्याळाचा तासकाटा फिरतो, पण फिरताना दिसत नाही. उलट पंख्याची पाती इतकी वेगाने फिरतात की तीही निरनिराळी दिसत नाहीत. म्हणजे चलन दिसण्याला एक खिडकी आहे. तिच्याहून मंद ते निसटते, आणि तिच्याहून शीघ्र तेही निसटते. फाळक्यांनी वाटाण्याचे चलन उचलून त्या खिडकीत आणून ठेवले.

पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये आर्यन चित्रगृह सुरू झाले. तेथेच १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचा 'सैरंध्री' प्रथम दाखवला गेला. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने कोल्हापुरातच लेथवर स्वतःचा कॅमेरा तयार केला होता. 'सैरंध्री'तील कीचकवधाचे दृश्य पाहून काही प्रेक्षकांना भोवळ आली असे सांगतात. पडद्यावर तोडलेले मुंडके खोटे, पडदा म्हणजे एक कापड, त्यावर पडलेली ती केवळ सावली. परंतु भोवळ मात्र खरी.

आता प्रश्न असा की, चित्रपटगृहात घडते काय ? आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी चित्रपटगृहामागे पडलेले फिल्मचे तुकडे वेचून उजेडाकडे धरून पाहिले असतील. प्रत्येक चौकोनात एक चित्र, पुढच्या चौकोनात जवळजवळ तेच चित्र. नायकाचा हात रेसभर वर. यंत्र एक चौकोन दिव्यासमोर आणून थांबवते, प्रकाश सोडते, मग एक फिरती पाकळी प्रकाश अडवते, तेवढ्यात पुढचा चौकोन ओढला जातो, तो थांबतो, पुन्हा प्रकाश. बोलपटात हे सेकंदाला २४ वेळा होते, आणि लुकलुक जाणवू नये म्हणून प्रत्येक चित्रावर प्रकाश मध्येच आणखी एकदा तोडला जातो. पडद्यावर एकही चित्र हालत असताना दिसत नाही. हालते तेव्हा काळोख असतो. अशा यंत्रावर दाखवलेल्या सव्वादोन तासांच्या चित्रपटात सुमारे तासभर आपण काळोखाकडे पाहत बसलेले असतो आणि त्याचा आपणांस पत्ताही नसतो.

शालेय पुस्तक म्हणते, याचे कारण दृष्टिसातत्य. पहिल्या चित्राचा ठसा पुसला जाण्यापूर्वी दुसरे चित्र येते, म्हणून चलन दिसते. ऐकायला हे सोपे वाटते. पण थोडा विचार करून पाहा. पहिला ठसा उरला आणि त्यावर दुसरा पडला, तर काय दिसेल ? वर गेलेला हात आणि खाली असलेला हात, दोन्ही एकदम दिसतील. चालणाऱ्या माणसाचे आठ-दहा पाय एकमेकांत गुंतलेले दिसतील. एका कागदावर दहा शिक्के उमटवले तर शिक्का चालू लागत नाही. फक्त डाग होतो. कोलिताच्या कड्याला दृष्टिसातत्य पुरते, कारण तेथे दिसते ती एक स्थिर रेघच. चित्रपटात दिसते ते चलन. ठशांच्या बेरजेने काळोख झाकला जाईल, लुकलुक थांबेल. पण चलन निर्माण होणार नाही. ते दुसरीकडूनच यावयास हवे.

ते कोठून येते याचा शोध लावणारा निबंध १९१२ मध्येच प्रसिद्ध झाला, हा एक विलक्षण योग आहे. माक्स वेर्टहाइमर हा मानसशास्त्रज्ञ १९१० मध्ये आगगाडीने प्रवास करीत असता या विचाराने इतका झपाटला की, फ्रँकफुर्टला उतरून त्याने प्लाटोच्या धर्तीचे एक खेळणे विकत घेतले आणि प्रयोगांना आरंभ केला. त्याचा मुख्य प्रयोग अगदी साधा. काळोखात एक रेघ क्षणभर दाखवावयाची, मग थोड्या अंतरावर दुसरी. मधला काळ सुमारे एक-पंचमांश सेकंद असला तर एकामागून एक अशा दोन रेघा दिसतात. तो अगदी थोडा, सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढा, असला तर दोन्ही एकदम दिसतात. पण तो सेकंदाच्या सोळाव्या भागाच्या आसपास असला की दोन रेघा दिसतच नाहीत. एकच रेघ येथून तेथे सरकताना दिसते. काही वेळा तर रेघ सरकताना न दिसता केवळ सरकणेच दिसते. डोळा फिरत असेल म्हणून असे होते, हा आक्षेप त्याने एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांची दोन चलने दाखवून खोडून काढला. कारण डोळा एकाच वेळी दोन्हीकडे फिरू शकत नाही. वेर्टहाइमरचा निष्कर्ष असा की, चलन ही दोन ठशांतून बुद्धीने काढलेली अनुमानाची बेरीज नसून मेंदूत प्रत्यक्षच घडणारी स्वतंत्र घटना आहे.

पुढील संशोधकांनी यात भर घातली. वेर्टहाइमरच्या रेघांमधले अंतर मोठे होते. चित्रपटात एका चौकोनातून दुसऱ्यात होणारा बदल फार लहान असतो. अशा लहान टप्प्यांना मेंदू खऱ्या चलनापासून वेगळे काढीतच नाही. म्हणून पडद्यावरचे चालणे आणि रस्त्यावरचे चालणे आपणांस एकाच जातीचे वाटते. ज्या वर्षी फाळके कुंडीतला वाटाणा टिपीत होते, त्याच वर्षी फ्रँकफुर्टचा हा निबंध छापला गेला. एकाला कारण हवे होते, दुसऱ्याला परिणाम हवा होता. एकाने प्रयोगशाळेत आणि दुसऱ्याने घरच्या कुंडीत, मनुष्याचा मेंदू अचल चित्रांतून चलन निर्माण करतो हेच सिद्ध केले.

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. येथे तयार झालेल्या 'अमृतमंथन' या १९३४ च्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी दूरचे टिपणाऱ्या भिंगाने राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. शेकडो डोळे एका प्रचंड डोळ्याकडे पाहत आहेत, हे दृश्य त्या काळी अपूर्व होते. १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचे वैकुंठगमन पाहून हात जोडणारे प्रेक्षक भोळे होते असे म्हणण्याचा मोह आपणांस होतो. परंतु वैकुंठाचे विमान सोडून द्या. इंद्रायणीकाठी तुकोबा चालताना दिसतात, तेच मुळी पाहणाऱ्याच्या मेंदूने घडवलेले असते. तेवढ्यापुरते आपण सारे सारखेच भोळे आहोत.

शांतारामांच्या डोळ्यांवरही एकदा प्रसंग आला. 'दो आँखे बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटात बैलाशी झुंज घेण्याचे चित्रण चालू असता त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्ट्या बांधून राहावे लागले. दृष्टी परत आल्यावर त्यांनी १९५९ मध्ये 'नवरंग' हा रंगांनी ओसंडणारा चित्रपट काढला. पट्टीखालच्या काळोखात ज्याला रंग दिसत होते, त्याला डोळा आणि पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी निराळे सांगावयास नको होते.

त्याच सुमारास शास्त्रज्ञ डोळ्यामागे शिरू लागले होते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे साडेबारा कोटी पेशी असतात. परंतु तेथून मेंदूकडे जाणाऱ्या जुडग्यात तंतू असतात अवघे दहा लाखांच्या आसपास. म्हणजे डोळा चित्र जसेच्या तसे धाडीत नाही. निवडून, संक्षेप करून धाडतो. हा संक्षेप डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या मेंदूच्या भागात पोचतो. अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे मांजराच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत्स्पंद ऐकत होते. काचपट्टीवरचे ठिपके दाखवून त्यांचा काही उपयोग होईना. एकदा पट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पुढे सरकली आणि पेशी एकदम कडाडू लागली. ठिपक्याला ती जुमानत नव्हती. तिला विशिष्ट दिशेने सरकणारी रेघ हवी होती. १९५९ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले, आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कल्याणच्या पटवर्धनांनी ज्या कौशल्याने काचपट्ट्या सरकवल्या, त्याच कृतीने मेंदूचे एक दार उघडले.

पुढे १९७० नंतर माकडाच्या मेंदूत केवळ चलनाकडेच लक्ष देणारा एक लहानसा प्रदेश सापडला. लंडनचे सेमिर झेकी यांनी त्याचा कसून अभ्यास केला. खऱ्या सरकत्या वस्तूला उत्तर देणाऱ्या तेथील पेशी टप्प्याटप्प्याने उमटणाऱ्या अचल ठिपक्यांनाही तसेच उत्तर देतात, असे आढळले. माणसातही तसा प्रदेश आहे. चित्रपट हालतो तो तेथे. १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी माकडाच्या याच प्रदेशातील पेशींना अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा समोरचे ठिपके कोणत्या दिशेने जात आहेत याविषयीचा माकडाचा कौल त्या पेशींच्या दिशेकडे झुकला. पडद्यावर काही न बदलता चलनाचा निवाडा बदलता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पण या साऱ्याचा अर्थ मला खऱ्या अर्थाने समजला तो एका रुग्णाच्या हकिकतीवरून. १९८३ मध्ये जर्मनीतील डॉक्टरांनी एका ४३ वर्षांच्या स्त्रीविषयी लिहिले. रक्तवाहिनीतील अडथळ्यामुळे तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या या भागांना इजा झाली होती. तिला रंग दिसत, आकार दिसत, माणसे ओळखू येत. फक्त चलन दिसत नसे. कपात चहा ओतताना धार बर्फासारखी गोठलेली दिसे, आणि पातळी वर चढताना न दिसल्यामुळे केव्हा थांबावे हे कळत नसे. रस्ता ओलांडताना दूर असलेली मोटार दुसऱ्या क्षणी अंगाशी आलेली असे. खोलीत चारपाच माणसे असली की ती एकदम येथे, एकदम तेथे दिसत, म्हणून तिला लोकांत बसवत नसे. फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरून पाहावा, तसे सारे जग तिला सुट्या चौकोनांत मिळत होते. जे आपणांस फुकट मिळते असे वाटते, ते मेंदू किती कष्टाने क्षणोक्षणी विणत असतो, हे तिच्या चहाच्या कपावरून कळते.

प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. फाळक्यांच्या हरिश्चंद्राची पहिली व शेवटची रिळे एवढाच भाग आज उरला आहे, आणि तोही १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा असे अभ्यासक मानतात. जुन्या फिल्म ज्वालाग्राही असत. २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत येथील कितीतरी जुनी फिल्म जळून गेली. उरलेली फिल्म डब्यात पडून असते तोवर ती केवळ चौकोनांची पट्टी असते. ती पडद्यावर येऊन समोर डोळे उघडे असतात तेव्हाच हरिश्चंद्र चालू लागतो. म्हणून जतन करावयाचे ते पट्टीबरोबर पाहणाऱ्यालाही. आणि पाहणारा घडतो तो पाहण्याच्या सवयीने व विचाराने.

शेवटी पुन्हा कोलिताकडे येऊ. पडद्यावर जे दिसते ते मेंदूने घडवलेले, एवढ्यावरून सारे जग भास ठरते काय ? मला तसे वाटत नाही. क्षणापूर्वी येथे असलेली वस्तू आता तेथे दिसली, तर ती तेथवर गेली असली पाहिजे, हा मेंदूचा तर्क लबाडीचा नाही. अंगावर येणारे जनावर, झाडावरून पडणारे फळ, धावत येणारे मूल, या सर्वांच्या बाबतीत तो तर्क लाखो वर्षे खरा ठरला, म्हणून तर आपण आज येथे आहोत. चित्रपट त्या प्रामाणिक तर्काचा कलेसाठी उपयोग करतो. पण जो तर्क कलेला उपयोगी पडतो तो कपटालाही पडू शकतो. आज यंत्रे कोणाचेही हालते-बोलते चित्र खोटे तयार करू लागली आहेत, तेव्हा 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' एवढे म्हणून भागणार नाही. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने जुळवले. आता बुद्धीने तपासावयाचे राहिले, असे म्हणावे लागेल. प्रत्यक्ष हे प्रमाणच आहे. परंतु त्या प्रमाणातही आपला हात लागलेला असतो, याचे भान ठेवावे.

दोन हजार वर्षांच्या आसपास पूर्वी नैयायिकाने कोलीत फिरवून तोच इशारा दिला होता. वेग फार असला की क्रम ध्यानातच येत नाही. पुढच्या शिमग्याला मुले कोलीत फिरवू लागली, तर त्यांना रागे जरूर भरा, कारण विस्तव हा विस्तव आहे. पण त्याआधी क्षणभर ते कडे पाहून घ्या, आणि ते कोठे आहे हे त्यांना विचारा.